शब्दाला जामीन कोण?

लेखनाचे पुढे काय होणार, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा खपाच्या भाषेत विचारला जातो. पुस्तके कोण विकत घेणार, वार्षिकांना जाहिराती कोठून मिळणार, मोबाइलवर बोट फिरवणारी पिढी अडीचशे पानांची कादंबरी वाचणार की नाही, अशी चिंता जवळजवळ प्रत्येक परिसंवादात व्यक्त होते. ही चिंता खोटी नाही. परंतु ती व्यवहाराची चिंता आहे, आणि व्यवहार आपला मार्ग काढतोच. ताडपत्र जाऊन कागद आला, बोरू जाऊन खिळे आले, खिळे जाऊन संगणक आला. लेखन राहिले. आज तर माणसे पूर्वी कधी लिहीत नव्हती इतके रोज लिहितात. ज्यांनी शाळा सुटल्यावर पुन्हा लेखणी हातात धरली नाही, तीही दिवसाकाठी दहावीस मजकूर लिहितात आणि पन्नास पुढे पाठवतात. तेव्हा लेखन आटले असे म्हणता येणार नाही. त्याला पूर आला आहे. आणि पुराचे पाणी पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे ठाऊक आहे की, पुरात पहिली टंचाई पिण्याच्या पाण्याची होते.

म्हणून मला वाटते, खरा प्रश्न नैतिक आहे. लिहिलेल्या शब्दाला जामीन कोण? एखादा मजकूर माझ्यासमोर आला, त्याने मला राग आणला, रडवले, किंवा एखाद्या माणसाविषयी माझे मन कलुषित केले, तर त्या मजकुरासाठी उत्तर देणारा कोणी माणूस आहे काय? लेखनाचे भवितव्य या उत्तरावर अवलंबून आहे.

मुसलमान वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. अवतरणाचा पहिला शब्द 'इकरा', म्हणजे 'वाच'. त्याच पहिल्या आयतींत कलमाचा उल्लेख आहे. पुढे 'अल-कलम' नावाची एक पूर्ण सूरह आहे. हे आपण सभासंमेलनांतून अभिमानाने सांगतो. पण लेखनाविषयी कुरआन सर्वात तपशिलाने जिथे बोलतो, ती जागा आपण सहसा सांगत नाही. कुरआनातील सर्वात लांब आयत सूरह अल-बकराच्या अखेरीकडे येते, आणि तिचा विषय आहे उसनवारी. कर्जाचा व्यवहार ठरला की तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, त्याने लिहायला नकार देऊ नये, साक्षीदार घ्यावेत, आणि लिहिणाऱ्याला वा साक्षीदाराला कोणी उपद्रव देऊ नये, असा तिचा आशय आहे. यात लेखन हे प्रतिभेचे काम म्हणून आलेले नाही. ती अमानत आहे. दोन माणसांमधला विश्वास उद्या विस्मरणाने वा लोभाने मोडू नये म्हणून तिसऱ्या माणसाने न्यायाने केलेली ती नोंद आहे. लेखक या शब्दाची याहून साधी आणि याहून अवघड व्याख्या मला माहीत नाही.

कुरआन ग्रंथरूपाने एकत्र झाला त्या प्रसंगीही हीच काळजी दिसते. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाल्यावर हजरत अबू बकर (र.) यांनी संकलनाचे काम झैद इब्न साबित (र.) यांच्याकडे सोपवले. झैद स्वतः हाफिज होते, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हयातीत त्यांनी अवतरणे लिहून घेतलेली होती. तरीही आणलेल्या प्रत्येक लेखी तुकड्यासाठी दोन साक्षी मागितल्या गेल्या, असे परंपरा सांगते. स्वतःला पाठ आहे एवढ्यावर त्यांनी भागवले नाही, आणि लिहिलेले आहे एवढ्यावरही नाही. लेखनामागे माणूस उभा हवा.

यातूनच पुढे हदीसशास्त्रात इस्नादची पद्धत वाढली. प्रत्येक वचनाला दोन भाग असतात. जे सांगितले गेले ते मतन, आणि कोणी कोणाकडून ऐकले ती साखळी म्हणजे सनद. हा शब्द आपल्या मराठीत चांगलाच रुळलेला आहे. शिवकाल आणि पेशवाईच्या कागदांत सनदा जागोजागी भेटतात, आणि सरकारी अधिकाऱ्याला आपण आजही सनदी अधिकारी म्हणतो. मराठीत त्याचा अर्थ अधिकारपत्र असा झाला. मूळ अरबीत अर्थ आहे आधार, ज्याला टेकून उभे राहता येते ते. साखळीतील प्रत्येक माणसाची चौकशी होई. तो कोठे राहिला, ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला तो भेटणे शक्य होते काय, त्याची स्मृती कशी होती, व्यवहारात तो खरा होता काय. या चौकशीतून हजारो माणसांच्या चरित्रनोंदींचे एक स्वतंत्र शास्त्र, इल्म-उर-रिजाल, उभे राहिले. इमाम बुखारी यांनी सुमारे सहा लाख रिवायतींतून निवड करून आपला संग्रह सिद्ध केला असे सांगतात. त्या संग्रहात पुनरुक्ती धरून सात हजारांच्या वर हदीस आहेत. सोळा वर्षांचे श्रम मुख्यतः वगळण्यासाठी खर्च झाले. आणि इमाम मुस्लिम यांच्या संग्रहाच्या प्रास्ताविकात तर असा इशारा येतो की, कानावर पडेल ते सगळे पुढे सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे.

आता आपल्या हातातल्या यंत्राकडे पाहू. तेथे मतन आहे, सनद नाही. 'फॉरवर्डेड' एवढाच शिक्का असतो. पाठवणारा म्हणतो, मी लिहिलेले नाही, मला आले, मी पुढे पाठवले. त्याच्या आधीचा हेच म्हणतो, त्याच्या आधीचाही. साखळी लांबच लांब आहे, पण तिच्या एकाही कडीला नाव नाही. प्रत्येक जण स्वतःला नळी समजतो, तोटी दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे असे मानतो.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाइलवरून सर्वदूर पसरलेल्या होत्या. देशात अशा घटना एकामागून एक घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा भारतात घातली. मर्यादा योग्यच होती. परंतु तिने फक्त वेग कमी केला. जबाबदारी कोणाची हे तिने सांगितले नाही, आणि यंत्राकडून ते व्हायचेही नाही.

आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला सोलापूरचा एक तरुण मुसलमान अभियंता नमाजहून परतताना मारला गेला. फेसबुकवर टाकलेल्या काही विटंबनाकारक चित्रांवरून शहरात तणाव होता. त्या चित्रांशी त्या तरुणाचा काडीचा संबंध नव्हता. त्याची टोपी आणि दाढी एवढाच संबंध जमावाला पुरला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने त्या खटल्यातील आरोपींना निर्दोष सोडले. ज्याने ती चित्रे टाकली तो कोणी तरी होता, ज्यांनी ती पसरवली ते शेकडो होते, आणि मेला तो तिसराच. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या मोबाइलवरील स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकाने फुटली आणि इंटरनेट बंद करावे लागले. शब्दाला जामीन नसला की त्याची वसुली अशी रस्त्यात सापडेल त्या माणसाकडून होते. ज्या समाजाकडून ती सर्वाधिक होते, त्याने तरी या प्रश्नाकडे काणाडोळा करू नये.

छापील शब्दाला निदान पत्ता होता. या वार्षिकासारख्या कोणत्याही अंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व मुद्रणस्थळ देणारा एक बारीक टायपातला मजकूर असतो. तो कोणी वाचत नाही. त्यामागे १८६७ चा इंग्रजी अमदानीतला छापखाने आणि पुस्तके नोंदणीचा कायदा होता. २०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. सरकारचा मूळ हेतू पाळत ठेवण्याचाही होता, यात शंका नाही. पण त्या ओळीचा दुसरा अर्थही झाला. येथे जे छापले आहे त्याबद्दल विचारायचे असेल तर या माणसाला विचारा, हा त्याचा पत्ता. धोक्याच्या काळात टोपणनावाने लिहावे लागणाऱ्याला, विशेषतः घरातूनच विरोध असलेल्या स्त्रीला, या ओळीने आडोसा दिला. तिचे नाव गुप्त राहू शकत होते, कारण तिच्या वतीने संपादक जामीन राहत होता. टोपणनाव आणि बेनामी यांत हाच फरक आहे.

येथे कोणी म्हणेल, हा सगळा जुन्या माध्यमाचा कैवार झाला. तसे नाही. नव्या साधनाला घाबरून बसण्याचे परिणाम काय होतात, हे मुस्लिम जगाने छापखान्याच्या बाबतीत पाहिले आहे. युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्याला खिळ्यांची छपाई सुरू झाली. इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतफर्रिका यांना तुर्की ग्रंथ छापण्याची परवानगी मिळाली ती १७२७ साली, आणि तीही धार्मिक ग्रंथ वगळून. या विलंबाची कारणे एकट्या उलेमांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. नक्कलकारांची रोजी होती, वाचकांची संख्या थोडी होती, आणि खिळ्यांत बसवलेल्या अरबी अक्षराचे रूप लोकांच्या डोळ्यांना रुचत नव्हते. पुढे शिळाछाप आली तेव्हा हा पेच सुटला, कारण तीत कातिबाचा हात जसाच्या तसा उमटत होता. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये काढलेल्या छापखान्यातून कुरआनच्या प्रती घरोघर पोचल्या. एका हिंदू प्रकाशकाने केलेली ही दीनची खिदमत आपण विसरू नये. मद्रासमध्ये १९२७ साली निघालेले 'द मुसलमान' हे उर्दू दैनिक तर एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हाताने लिहिले जात होते. बाकी ठिकाणी १९९४ नंतर इनपेज आले आणि कातिबांची खुर्ची रिकामी झाली. एक सुंदर कला त्यात ओसरली, याचे दुःख आहेच. तरीही खत बदलला म्हणून उर्दूतील सत्य वा असत्य यांत फरक पडला नाही. तेव्हा तक्रार यंत्राविरुद्ध नाही.

उलट आपल्यासारख्यांना नव्या माध्यमाने दिलेले दान फार मोठे आहे. घरात दखनी, शाळेत मराठी आणि मदरशात अरबी-उर्दू अशा तीन जिभांत वाढलेल्या लेखकाला जुन्या व्यवस्थेत फारशी जागा नव्हती. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवावे लागले, ते काही हौसेखातर नव्हे. पुण्या-मुंबईच्या संपादकांच्या टेबलावरून आपला अनुभव परत येत होता, किंवा आला तर खलनायक नाही तर शेजारचा भला चाचा अशा ठरीव रूपात छापून येत होता. आज अंबाजोगाईची वा चिपळूणची एखादी मुलगी कोणाच्या परवानगीवाचून आपले म्हणणे मांडू शकते. दरवाजा उघडला, हे चांगलेच झाले. प्रश्न एवढाच की, दरवाजावर बसून साक्ष मागणारा झैदही उठून गेला. आता ते काम प्रत्येकाला स्वतः करावे लागणार आहे.

हे काम किती अवघड आहे, याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीतील एका ज्येष्ठ पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की, फातिमा शेख ही व्यक्ती कधी झालीच नाही, ती आपणच निर्माण केलेली कल्पित व्यक्तिरेखा आहे. काही तासांत हा मजकूर देशभर पसरला. सावित्रीबाई फुले यांच्याबरोबर मुलींना शिकवणारी मुसलमान शिक्षिका पुसून टाकण्यात ज्यांना आनंद होता, त्यांनी तो हातोहात पुढे पाठवला. हा दावा टिकला नाही, आणि तो ज्यामुळे टिकला नाही ती गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला असताना १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले एक पत्र आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती तक्रार करणारी नव्हे, अशा आशयाचा उल्लेख त्यात येतो. हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात आहे. दावा करणाऱ्याच्या लेखणीच्या कितीतरी आधी ते छापले गेले होते. लाखो पडद्यांवरून फिरलेल्या मजकुरासमोर एका आजारी बाईने लिहिलेले एक वाक्य उभे राहिले, कारण त्या वाक्याला लिहिणारी होती, ज्याला लिहिले तो होता, तारीख होती, गाव होते.

एवढ्यावर थांबलो तर आपण आपलीच पाठ थोपटून घेऊ. पण या प्रकरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फातिमा शेख यांचा जन्मदिवस म्हणून ९ जानेवारी १८३१ ही तारीख सर्वत्र सांगितली जाते. २०२२ मध्ये गूगलने त्या दिवशी त्यांचे चित्र आपल्या पानावर झळकवले. ही तारीख कुठल्याही समकालीन कागदावर उभी नाही. पत्रात आहे ते 'फातिमा' हे नाव, तिच्यावरचा भरवसा आणि तिची सोशिकता. त्यापलीकडचे बरेचसे चरित्र, चित्रे, संवाद, प्रसंग, आपण प्रेमाने रचत गेलो. आपल्याला एका आदर्शाची भूक होती, आणि भुकेल्या माणसाने पानातले अन्न कोठून आले हे विचारले नाही. परिणाम असा झाला की, सगळे खोटे आहे असे म्हणणाऱ्याला बोट शिरकवायला जागा मिळाली. सत्याच्या भिंतीला आपणच मातीचा लेप जाड केला, आणि पाऊस आल्यावर लेपाबरोबर भिंतही वाहून गेली असे लोकांना वाटू लागले.

नैतिकदृष्ट्या हीच खरी कसोटी आहे. शत्रूचे असत्य ओळखायला अक्कल लागत नाही. आपल्या बाजूचे, आपल्याला हवेहवेसे, सत्कार्याला उपयोगी पडणारे असत्य नाकारायला ईमान लागते. हदीसच्या जुन्या पंडितांनी हे पारखले होते. बनावट रिवायती रचणाऱ्यांत राजकारणी होते, पंथाभिमानी होते, पण काही अतिशय धार्मिक माणसेही होती. नूह इब्न अबी मरियम यांच्याविषयी असे सांगतात की, लोकांचे कुरआनकडे दुर्लक्ष होते म्हणून त्यांनी एकेका सूरहच्या पठणाचे पुण्य सांगणारी वचने रचली. हेतू किती चांगला! तरी हदीसकारांनी त्या वचनांना मौजू, म्हणजे रचलेली, असाच शेरा दिला. बाराव्या शतकात इब्न अल-जौझी यांनी अशा बनावट रिवायतींचा मोठा संग्रहच तयार केला, लोकांना सावध करण्यासाठी. धर्माला खोट्याच्या आधाराची गरज नाही, या विश्वासावाचून हे धैर्य येत नाही. आज रमजान लागला की अमुक शब्द इतक्या जणांना पाठवा म्हणजे इतके सवाब मिळतील, असे मजकूर आपल्या घरांतून फिरतात. पाठवणारी मावशी सरळ मनाची असते. पण तिला हा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावलेली नाही की, हे कोठे आहे?

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. साक्ष मागणे, पुरावा मागणे हे बलवानांचे हत्यारही होऊ शकते. कागद दाखवा, ही मागणी २०१९-२० च्या हिवाळ्यात या देशातल्या मुसलमानांना किती झोंबली, हे आपण जाणतो. गरिबाकडे कागद नसतात, भटक्याकडे नसतात, बाईकडे तर नसतातच. फातिमाच्या वाट्याला एक वाक्य आले. तिच्यासारख्या कितीजणींच्या वाट्याला तेही आले नाही. कागद नाही म्हणून त्या झाल्याच नाहीत, असे म्हणायचे काय?

याचे उत्तर इस्नादमध्येच आहे. ती मुळात कागदांची साखळी नाही, माणसांची आहे. अमक्याने तमक्याकडून ऐकले, हा तिचा गाभा. लिहिता न येणारी आजीही तिच्यात एक कडी होऊ शकते, आणि हदीसच्या साखळ्यांत स्त्रियांनी सांगितलेल्या रिवायती सन्मानाने आलेल्या आहेत, हजरत आयेशा (र.) यांच्याकडून तर दोन हजारांहून अधिक. मागितला जातो तो शिक्का नव्हे, नाव. कोणी पाहिले, कोणी सांगितले, एवढे प्रामाणिकपणे सांगा. डिजिटल माध्यमात हे अशक्य आहे असेही नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. कागद कधी न मिळालेल्या बायकांना तेथे सनद मिळाली. साधन तेच, इंटरनेट. फरक पडला तो गोळा करणाऱ्यांच्या नीतीने.

आपल्याकडे असे किती काम पडून आहे! दखनी बोलीतल्या म्हणी, मोहरमच्या सवारीची गाणी, हैदराबाद संस्थानच्या विलीनीकरणाच्या काळात मराठवाड्यातल्या कुटुंबांवर काय गुजरले त्याच्या आठवणी, मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यांची परिभाषा. सांगणारी माणसे थकत चालली आहेत. ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याच्या हातात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. नाव, गाव, तारीख एवढे जोडले तरी पुढचा अभ्यासक दुवा देईल.

जपणुकीचाही प्रश्न आहे. डिजिटल म्हणजे चिरंतन, असा एक भ्रम आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठीत प्रत्येक कंपनीच्या फाँटची लिपीरचना वेगळी होती. त्या काळात जुळवलेल्या कित्येक अंकांच्या फाइली आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' सतराव्या शतकापासून हस्तलिखितांतून टिकला, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही. दुसऱ्या बाजूला जे विसरले जावे ते मात्र टिकते. सतराव्या वर्षी रागाच्या भरात लिहिलेली ओळ तिसाव्या वर्षी नोकरीच्या आड येते. आपली श्रद्धा अशी की, किरामन कातिबीन, ते सन्माननीय लेखक, माणसाची प्रत्येक कृती टिपून ठेवतात. पण त्या नोंदवहीच्या मालकाकडे तौबाची सोय आहे. कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये स्मृती अफाट आहे, रहम नाही. म्हणून ती सोय आपल्याला एकमेकांसाठी करावी लागेल. चूक दुरुस्त करणाऱ्याची जुनी चूक पुन्हा पुन्हा उकरून काढू नये, हाही आता लेखननीतीचा भाग झाला पाहिजे.

सर्वात नवा पेच कृत्रिम बुद्धिमत्तेचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हापासून लेखकावाचून लेखन ही गोष्ट घरोघर पोचली. हे यंत्र सफाईदार लिहिते आणि त्याच सफाईने कधी न झालेल्या खटल्यांचे आणि कधी न लिहिलेल्या पुस्तकांचे दाखलेही देते. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात असे काल्पनिक खटले दाखल्यादाखल सादर झाले. न्यायाधीशांनी जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलरचा दंड केला तो वकिलांना. यंत्राला दंड करून उपयोग काय? तो निकाल आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊन जातो. यंत्राने लिहिले तरी सही करणारा माणूसच जामीन राहतो.

शहादत या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत, साक्ष आणि हौतात्म्य. साक्ष देणाऱ्याला काहीतरी पणाला लावावे लागते, म्हणून हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात. खोटी साक्ष दिली तर ज्याची अब्रू जाते, खरी साक्ष दिली तर ज्याचा जीव जाऊ शकतो, आणि चुकल्यावर ज्याला रात्री झोप येत नाही, तोच साक्षीदार होऊ शकतो. यंत्राकडे गमावण्यासारखे काही नाही. ते मजकूर देईल, साक्ष देणार नाही. म्हणून मला लेखनाच्या भवितव्याची भीती वाटत नाही. मजकूर जितका स्वस्त होईल, तितकी साक्ष दुर्मिळ आणि मोलाची होत जाईल. शैली, सफाई, विद्वत्तेचा थाट हे सगळे यंत्राकडून मिळू लागल्यावर लेखकापाशी उरेल ते त्याचे नाव आणि त्या नावामागचा भरवसा. मुळात तेवढेच त्याचे होते.

हा भरवसा राखायला मोठ्या संस्थांची वाट पाहण्याचे कारण नाही. ऐकलेले ऐकले म्हणून आणि पाहिलेले पाहिले म्हणून लिहावे. कोणाकडून कळले ते सांगावे. सांगता येत नसेल तर पुढे पाठवू नये, मग मजकूर कितीही आपल्या बाजूचा असो. चूक झाली तर जेथे केली तेथेच, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्त करावी. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमी आल्यास आधी खातरजमा करण्याची जी आज्ञा आहे, तिचे कारणही तेथेच दिले आहे: अजाणतेपणी एखाद्या समूहाला आपल्या हातून इजा होऊ नये आणि मागून पस्तावण्याची वेळ येऊ नये. राईनपाडा आणि हडपसर ज्या राज्यात घडले, तेथे या आज्ञेचा अर्थ समजावून सांगायला तफसीर उघडावी लागत नाही.

आपण संख्येने थोडे आहोत. मराठीत लिहिणारे मुसलमान त्याहून थोडे. पुराच्या पाण्याशी आवाजाने आपण बरोबरी करू शकणार नाही. पण न्यायाने लिहिणारा कातिब एका वस्तीला एकच पुरत असे. सारी वस्ती आपले व्यवहार त्याच्याकडून लिहून घेई, कारण हा लिहितो ते खरे असते, एवढी त्याची ख्याती असे. मराठी समाजात मुसलमान लेखकाविषयी अशी ख्याती व्हावी, एवढी महत्त्वाकांक्षा आपण बाळगायला हरकत नाही.